डोंगल बाजूला सारून चाललं, तर ‘गोल्ड’ द्यायचं का?

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डची नक्षी काढायचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या कुलपावर, चालतं. मुलानं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि ‘वाईन’मधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) ते चालवून बघितलं, तर ‘लॉक सापडले नाही’ म्हणून बंद पडायचं. मग कुठूनसा क्रॅक, म्हणजे ते कुलूप तोडणारी फाईल, आणला, आता झकास चालतंय. कुठला प्रोग्रॅम कितपत चालतो ते लोक वाईनच्या यादीत नोंदवतात, तिथं तो ‘गोल्ड’ शेरा देणार म्हणतो. डोंगलचे पैसे आम्ही मोजलेत, तरी मला हे पटत नाही.
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : मालक, शेरा ‘गार्बेज’च द्यायला सांगा. ऐकायला कडू आहे, पण प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, गार्बेज या पाचांत न उघडणाऱ्या प्रोग्रॅमला शेवटचाच लागतो.

पोरगा म्हणेल, गोल्डमध्ये खटपट चालते की! चालते, एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाईल) बदला, सेटिंग फिरवा. पण क्रॅकनं प्रोग्रॅमचीच फाईल बदलते, आणि जिथं गाडं अडत होतं नेमका तोच भाग निकामी होतो. मग तपासलं काय? उद्या इचलकरंजीचा कुणी ‘गोल्ड’ वाचून विंडोज पुसेल, डोंगल लावेल आणि कपाळाला हात लावून बसेल.

डोंगलशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, बहुधा विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात बसतो. वाईन म्हणजे विंडोज नव्हे. प्रोग्रॅमनं विंडोजकडे मागितलेलं काम ते लिनक्सकडून करून घेतं. त्यामुळे नक्षी उमटते, रंग भरतात, पण ड्रायव्हरला लागणारा कर्नल तिथं नसतोच. खुद्द विंडोजनंही हात वर केलेत बरं का. जुन्या गेमच्या सीडींवरच्या सेफडिस्क या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाचा ड्रायव्हर 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 मध्ये दिलाच नाही. पैसे मोजलेले अडकले, क्रॅकवाले मजेत खेळत राहिले! तुमच्या पोराचा राग मला कळतो तो इथं.

तेव्हा शेऱ्याखाली एक ओळ जरूर लिहू दे : ‘बाकी सगळं चालतं, फक्त लॉकवर अडतं.’ वाईन बनवणाऱ्यांना तेवढ्यानं दिशा मिळते. क्रॅकचा पत्ता मात्र नको. हक्कभंगाच्या हेतूनं असं संरक्षण तोडलं, तर कॉपीराइट कायद्याच्या 2012 मध्ये आलेल्या कलम 65अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमचा हेतू तो नाही, वाचणाऱ्यांचं कोण सांगणार?

आणि ती फाईल कारखान्याच्या मशीनवरून काढा. आत आणखी काय भरलंय, देणाऱ्यालाच ठाऊक. विक्रेत्याला फोन करा. काही डोंगलना लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, तुमच्याला आहे का ते आधी विचारा.