गेम चालतो पण हेडसेटमध्ये काळोख, कधी एका डोळ्यात गडबड, कधी गरगरतं... बघायचं कुठून?

तुम्ही लिहिलंय की मॉनिटरसाठी बनलेले गेम व्हीआर हेडसेटमध्ये खेळायला सॉफ्टवेअर टाकलं, पहिला गेम मॉनिटरवर मस्त चालतो पण हेडसेटमध्ये काळोख, दुसरा दिसतो पण उजव्या डोळ्यात वस्तू गायब होतात नि सावल्या वेगळ्याच पडतात, तिसरा एकदम नीट दिसतो पण दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं, तर आता विंडोज नव्याने टाकू का. विंडोज राहू द्या जसं आहे तसं. तुमच्या तीन गेमचे तीन वेगळे आजार आहेत, आणि डोळ्यांना जे दिसतंय त्यावरूनच बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं. मी बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते बघा, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. व्हॉर्पएक्स घ्या, यूईव्हीआर घ्या, दोन्ही मॉनिटरचे गेम हेडसेटमध्ये नेणारे प्रोग्रॅम, मूळ युक्ती एकच, चालू गेमच्या प्रोसेसमध्ये आपली एक डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, घुसवायची. गेमची एक फ्रेम तयार झाली की तो डायरेक्टएक्सला, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या थराला, सांगतो की ही घे, दाखव स्क्रीनवर, त्या फंक्शनचं नाव प्रेझेंट. ही डीएलएल बरोबर तिथे मधे उभी राहते, चित्र पकडते, दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं करते किंवा गेमकडून करवून घेते आणि हेडसेटच्या रनटाइमकडे, म्हणजे हेडसेटपर्यंत चित्र पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, ओपनएक्सआर किंवा स्टीमव्हीआरकडे पाठवते. म्हणजे साखळीत तीन कड्या झाल्या, गेम, मधली डीएलएल, रनटाइम.

आता काळोखवाला गेम. गेम मॉनिटरवर चालतोय म्हणजे पहिली कडी ठीक. यूईव्हीआर असेल तर इन्सर्ट दाबा, व्हॉर्पएक्स असेल तर डिलीट, आणि बघा त्याचा मेनू उघडतो का. मेनू कुठेच उघडत नाही म्हणजे डीएलएल आत गेलेलीच नाही, अशा वेळी हेडसेटच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही. मेनू मॉनिटरवर उघडतोय पण हेडसेट काळा, तर डीएलएल आत आहे आणि रनटाइमपर्यंत चित्र पोचत नाहीये. ही एक टेस्ट पाच सेकंदांची आहे, पण लोक ती करत नाहीत आणि आठवडाभर केबल बदलत बसतात.

डीएलएल आत जात नाही याची कारणं मोजकी आहेत. गेम ॲडमिन म्हणून चालू असेल आणि इंजेक्टर, म्हणजे डीएलएल आत घुसवणारा प्रोग्रॅम, साधा, तर विंडोज त्याला आत शिरू देत नाही, इंजेक्टरपण ॲडमिन म्हणून चालवा. अँटीव्हायरस हमखास आड येतो, कारण दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डीएलएल घुसवणं हे व्हायरसचंच लक्षण आहे, त्याचा संशय रास्त आहे. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसने बाजूला ठेवलेल्या फायलींत, ती फाइल सापडली तर ती परत आणा, पण फक्त मूळ ठिकाणाहून उतरवलेली असेल तरच, कुणीतरी पाठवलेली असेल तर अजिबात नको. अनरियल इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर, बनलेल्या गेममध्ये अजून एक गंमत असते, आपण ज्या एक्झीवर, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलवर, क्लिक करतो ती नुसती दार उघडणारी असते, खरा गेम आतल्या बायनरीज फोल्डरमधली शेवटी शिपिंग असं नाव असलेली एक्झी चालवते, इंजेक्ट त्या प्रोसेसमध्ये करायचं.

आणि ओव्हरले, म्हणजे चालू गेमवर आपलं काहीतरी दाखवणारे प्रोग्रॅम! माझ्याकडे एकदा अख्खे दोन दिवस एक गेम मेन मेनू यायच्या आधीच बंद पडत होता, मी ड्रायव्हर बदलले, गेम पुन्हा उतरवला, आणि शेवटी निघालं काय तर कोपऱ्यात फ्रेम रेट दाखवणारं एक छोटं प्रोग्रॅम विंडोजसोबत आपोआप सुरू होत होतं आणि तेपण त्याच प्रेझेंट फंक्शनला लटकत होतं. एका दारात दोघं उभे राहिले की कधी दोघं निभावून नेतात, कधी गेम क्रॅश. म्हणून चॅट ॲपचा ओव्हरले, स्टीमचा ओव्हरले, ग्राफिक्स कार्डवाल्यांचा रेकॉर्डर, फ्रेम रेटचा काटा, गेमचे रंग नि रूप बदलणारं रीशेड, सगळं बंद करून एकदा बघा. मिनिमाइझ केलं म्हणजे बंद झालं असं नाही, टास्क मॅनेजरमधून खरंच बंद करा.

मेनू उघडतो पण हेडसेट काळा, तर रनटाइम बघा. ओपनएक्सआर हे ख्रोनोस ग्रुपचं स्टँडर्ड, २०१९ मध्ये १.० आलं, आणि विंडोजमध्ये एका वेळी एकच ओपनएक्सआर रनटाइम ॲक्टिव्ह असतो. हेडसेट बोलतोय एकाशी आणि ॲक्टिव्ह आहे दुसरा, असं झालं की चित्र भलतीकडेच जातं. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये किंवा हेडसेटच्या स्वतःच्या पीसी ॲपमध्ये हे बदलता येतं. एकातून दुसऱ्यात उड्या मारत जाणारी साखळी टाळता आली तर टाळाच, कारण मधल्या प्रत्येक थरात थोडा वेळ जातो. लॅपटॉप असेल तर अजून एक, त्यात बहुतेक दोन ग्राफिक्स चिप असतात, गेम प्रोसेसरमधल्या चिपवर आणि हेडसेट दुसऱ्या कार्डवर असं होऊ शकतं, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमला मोठं कार्ड ठरवून द्या. आणि गेम डायरेक्टएक्स ११ आणि १२ दोन्हीवर चालत असेल तर दुसऱ्यावर चालवून बघा, कितीतरी गेम एवढ्यानेच सुटतात.

आता दुसरा गेम, उजव्या डोळ्यातल्या गडबडीचा. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो कारण इथे कळतं की गेम बनवणाऱ्यांनी कुठे कुठे एकच कॅमेरा गृहीत धरलाय. पाण्यातलं प्रतिबिंब, कोपऱ्यातली मऊ सावली, हे बऱ्याच गेममध्ये स्क्रीनवर जे दिसतंय त्यातूनच काढलेलं असतं, खऱ्या थ्रीडी जगातून नाही. डाव्या डोळ्याच्या चित्रातून काढलेलं उजव्याला चिकटवलं की ते जागेवर बसत नाही. म्हणून स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन आणि ॲम्बियंट ऑक्लूजन आधी बंद करा. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन पण बंद, हे सगळं कॅमेऱ्याची नक्कल करायला असतं आणि हेडसेटमध्ये तुमच्या डोळ्यापुढे लेन्स आधीच आहे.

वस्तू अचानक गायब होण्याचं कारण वेगळं. गेम मेहनत वाचवायला, जे भिंतीआड आहे ते काढतच नाही, आणि भिंतीआड काय आहे हे एका डोळ्यावरून ठरवतो. उजव्या डोळ्याला भिंतीच्या कडेने जे दिसायला हवं ते काढलेलंच नसतं. अनरियलमध्ये याला एचझेडबी ऑक्लूजन म्हणतात, यूईव्हीआरमध्ये ते बंद करायचा पर्याय आहे. थोडा वेग जातो पण वस्तू परत येतात. कडेच्या वस्तू दोन्ही डोळ्यांत गायब होत असतील तर मात्र फील्ड ऑफ व्ह्यूचा (एफओव्ही), म्हणजे किती रुंद दिसतं त्याचा, प्रश्न, गेमला वाटतंय तुम्हाला मॉनिटरएवढंच दिसतंय म्हणून तो बाहेरचं कापून टाकतो, गेममधलं एफओव्ही वाढवा.

आता चित्र बनवायची पद्धत, कारण एका डोळ्याची निम्मी दुखणी इथे बरी होतात. यूईव्हीआर २०२४ च्या सुरुवातीपासून सगळ्यांना खुलं झालं, प्रेडॉग या टोपणनावाने काम करणाऱ्या डेव्हलपरचं, आणि ते अनरियलच्या स्वतःच्याच स्टिरिओ रेंडरिंगला, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायच्या सोयीला, जागं करतं, कारण इंजिनमध्ये व्हीआरची सोय मुळातच आहे, गेमवाल्यांनी ती वापरलेली नसते इतकंच. त्यात नेटिव्ह स्टिरिओ सगळ्यात वेगवान आणि चांगलं, पण काही गेममध्ये एक डोळा बिघडतो नाहीतर गेमच क्रॅश होतो. तसं झालं तर सिंक्रोनाइझ्ड सीक्वेन्शियल, त्यात गेमचं घड्याळ न हलवता एकामागे एक दोन्ही डोळ्यांची फ्रेम काढतात, सावल्या जुळतात पण जुन्या फ्रेममधून शिकणारं टीएए किंवा डीएलएसएस गोंधळतं आणि हलत्या गोष्टींमागे भुतासारखी शेपूट दिसते, मग अँटीअलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करायची पद्धत, बदला. तिसरी, आलटून पालटून डोळ्यांना फ्रेम देणारी पद्धत मी वापरत नाही, त्यात डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळ्या क्षणाचं जग दिसतं आणि पोटात ढवळतं. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम अंदाजाने बनवणं, कुठलंही असो, बंदच.

व्हॉर्पएक्सची गोष्ट जरा निराळी, ते अनरियलपुरतं नाही, बऱ्याच जुन्या नव्या इंजिनांवर चालतं. त्यात जॉमेट्री थ्रीडी म्हणजे सीन खरंच दोनदा काढणं, आणि झेड बफर थ्रीडी म्हणजे एकदाच काढून कुठली वस्तू किती लांब आहे या माहितीवरून पिक्सेल इकडे तिकडे सरकवणं. झेड बफर हलकं पण माणसाच्या कडेला पुसल्यासारखा पट्टा दिसतो, कारण त्याच्यामागचं चित्र कुणी काढलेलंच नाही. तो पट्टा दिसला तर बिघाड समजू नका, त्या पद्धतीची ती मर्यादा आहे, डेप्थ थोडी कमी करा.

तिसरा गेम, नीट दिसतो पण गरगरतं. कृपा करून सवय होईल म्हणून रेटू नका, पहिली मळमळ आली की हेडसेट काढायचा. नंतर फ्रेमचा वेळ बघा. ९० हर्ट्झला एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झला १३.९, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं काम व्हायला हवं, मॉनिटरवर ६० फ्रेम मिळतात म्हणून इथे भागेल असं नसतं. वेळ चुकला की रनटाइम जुनीच फ्रेम सरकवून दाखवतो आणि वस्तूंच्या कडा थरथरतात. मी आधी रेझोल्यूशन उतरवतो, मग सावल्या, आणि तरीही नाही जमलं तर हेडसेट ७२ वर आणतो, कारण स्थिर ७२ हे डळमळत्या ९० पेक्षा डोक्याला कितीतरी सुसह्य.

फ्रेम चांगल्या येत असून गरगरत असेल तर हेड ट्रॅकिंग. काही गेममध्ये डोकं फिरवणं म्हणजे प्रत्यक्षात माउस हलवणं असतं, सॉफ्टवेअर माउसचं सोंग घेतं. तपासायचं असं, गेममध्ये एखाद्या दरवाज्यासमोर उभे राहा, खरं डोकं बरोबर काटकोनात वळवा, गेमपण काटकोनातच वळला का बघा. कमी जास्त वळला तर सेन्सिटिव्हिटी लावा, आणि त्याआधी गेममधलं माउस ॲक्सेलरेशन नि स्मूदिंग बंद करा, नाहीतर हळू वळल्यावर एक माप आणि झटकन वळल्यावर दुसरं, ते कधीच जुळणार नाही. माउसला दोनच दिशा, त्यामुळे मान खांद्याकडे कलली तर गेमला कळत नाही आणि क्षितिज तुमच्या डोक्याबरोबर कलतं, पुढे वाकलात तरी गेमला कळत नाही. अशा गेममध्ये मी सरळ सिनेमा मोड लावतो, समोर मोठा पडदा, थ्रीडी चालू, जग जागच्या जागी.

स्केलपण बघून घ्या. माणसाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, आणि अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटीमीटर, गेम त्या मापाने बांधला असेल तर सगळं आपोआप बरोबर दिसतं. माणसं बाहुल्यांसारखी किंवा राक्षसासारखी दिसली तर वर्ल्ड स्केल बदला, दाराच्या मुठीची उंची आपल्या कमरेशी ताडून बघायची, मला तरी हे सगळ्यात खात्रीचं वाटतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, ऑनलाइन मल्टीप्लेअर गेममध्ये यातलं काहीही करू नका. अँटीचीटला, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुमची डीएलएल आणि फसवणाऱ्याची डीएलएल सारखीच दिसते, आणि अकाउंट गेलं की गेलं.

आता आज एकच करा, काळोखवाला गेम घ्या, सगळे ओव्हरले बंद, मेनूची टेस्ट, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि कागदावर लिहून ठेवा. नाही सुटलं तर खाली लिहा की गेम कुठल्या इंजिनवर आहे, डायरेक्टएक्स कितवं, ॲक्टिव्ह रनटाइम कुठला आणि मेनू कुठे दिसतो. यूईव्हीआर असेल तर ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या अनरियलव्हीआरमॉड फोल्डरमध्ये त्या गेमच्या नावाचा फोल्डर आहे, त्यातली लॉग फाइल उघडून शेवटच्या वीसेक ओळी पण टाका, मी बघतो.