स्टुटगार्टला यावं का? नाशिकच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या, सात वर्षं डिझेल इंजेक्टरच्या टेस्टिंगमध्ये. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका इंजिनिअरिंग सर्व्हिस कंपनीकडून (मोठ्या कंपन्यांची कामं कंत्राटावर करणारी) वर्षाला ५२,००० युरोंची ऑफर हातात आहे. मिस्टर बँकेत, मुलगी तीन वर्षांची. इथली इंडस्ट्री सध्या कशी आहे आणि यावं की थांबावं, हे तुम्हाला हवंय.

मी नाशिकच्याच सिडकोतला. २०११ साली अशाच एका सर्व्हिस कंपनीतून इथे आलो. राहतो बोब्लिंगेनला, म्हणजे एस-वन लोकलच्या जवळजवळ शेवटाला. स्टुटगार्टचं अर्थकारण समजायला ही एक लोकल पुरते. बोब्लिंगेनला खेटूनच झिंडेलफिंगेन, तिथे १९१५ पासून मर्सिडीजचा कारखाना. पुढे फाइहिंगेनला विद्यापीठ आणि फ्राउनहोफरच्या संशोधन संस्था. मुख्य स्टेशन ओलांडलं की बाड कानश्टाट, पिस्टनवाल्या माले कंपनीचं घर. मग उंटरट्यूर्कहाइम, मर्सिडीजचं मुख्यालय आणि इंजिन-गिअरबॉक्सचा कारखाना. त्यापुढे एसलिंगेन, तिथे न्यूमॅटिक्सवाली फेस्टो. दुसऱ्या बाजूच्या एस-सिक्सने गेलात तर फॉयरबाखला गाड्यांचे भाग बनवणारी बॉश, त्सुफेनहाउझेनला पोर्शे आणि डिट्सिंगेनला लेसर मशीन बनवणारी ट्रुम्फ. सकाळी सातच्या गाडीत कोण कुठे उतरतं यावरून कोण कुणाचं मीठ खातं ते कळतं.

शहर तसं मोठं नाही, सहा लाखांच्या आसपास वस्ती. पण आजूबाजूची गावं धरली तर अठ्ठावीस लाखांच्या घरात जातं, आणि इंडस्ट्री त्या गावांतही पसरलेली आहे. याचं कारण जुनं आहे. या भागात ना कोळसा, ना म्हणावं तसं लोखंड. शेतजमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची पद्धत, त्यामुळे पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन पोट भरेल इतकं रान कुणाकडेच उरलं नाही. (सातबारा बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.) मग शेतीच्या जोडीला घड्याळं, कुलपं, अवजारं असा घरोघरी जोडधंदा आला. १८१६ ला पीक बुडालं, उपासमार झाली, आणि त्यातून सावरताना राजाने १८१८ ला होहेनहाइमची शेतकी शाळा काढली आणि कानश्टाटची जत्रा सुरू केली. ती जत्रा अजून भरते.

त्याच कानश्टाटमध्ये १८८२ ला गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बंगल्याच्या बागेतल्या काचघरात गुपचूप इंजिनाचं काम सुरू केलं. माळ्याला वाटलं हे खोट्या नोटा छापतायत, आणि त्याने पोलीस बोलावले, अशी गोष्ट इथे सांगतात. १८८६ ला रॉबर्ट बॉशने शहरात छोटं वर्कशॉप काढलं. या माणसाने १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला होता. आणि १९२७ मध्ये बॉशने डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. म्हणजे मायको (बॉशचीच भारतातली कंपनी) सर्कलवरून रोज जाता-येता ज्या नोझलवर आपलं अर्धं नाशिक जगलं, त्या नोझलचं आजोळ हे.

अडचणही तिथेच आहे. डिझेल सिस्टिमला जिथे दहा माणसं लागतात तिथे पेट्रोलला तीन आणि इलेक्ट्रिकला एक, हे गणित बॉशच्याच वरिष्ठांनी मांडलं होतं. फोक्सवॅगनने धुराच्या चाचणीत केलेल्या फसवणुकीच्या, म्हणजे २०१५ च्या डिझेल घोटाळ्यानंतर युरोपात डिझेल कारची मागणी घसरली. २०१९ पासून तर खुद्द स्टुटगार्ट शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली, कारण शहर वाटीसारख्या खोलगटात आहे आणि धूर बाहेर जात नाही. आता बाकीच्या नऊ माणसांचा हिशोब चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने मोबिलिटी (वाहनांचे भाग) विभागातल्या आणखी सुमारे १३,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. त्यात फॉयरबाख आणि श्वीबरडिंगेन, म्हणजे नेमकी तुमच्या कामाची ठिकाणं आघाडीवर आहेत. पोर्शेने त्याच वर्षी २०२९ पर्यंत १,९०० जागा कमी करू असं सांगितलं.

पण ‘स्टुटगार्ट बुडालं’ असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरं नाही. इथे कंपनीच्या कायम माणसाला सहजासहजी काढता येत नाही. जर्मनीतल्या मर्सिडीज कामगारांना तर २०३४ अखेरपर्यंत सक्तीने काढणार नाही असा करार आहे. ज्यांना जायचंय त्यांना पैसे देऊन पाठवतात. मग काटकसर पहिली कुठे होते? बाहेरून घेतलेल्या कामात. म्हणजे सर्व्हिस कंपन्यांत. म्हणजे तुमच्या ऑफरमध्ये.

माझाच अनुभव सांगतो. २०२० च्या वसंतात ग्राहक कंपनीने आमचा प्रोजेक्ट थांबवला. सोमवारी मेल आली, शुक्रवारी टेबल रिकामं. माझी कंपनी बंद पडली नाही, मला काढलंही नाही. कुर्त्सआर्बाइट म्हणजे कमी तास आणि सरकारी भरपाई, त्यावर सात महिने काढले. हा काळ निभावला कारण तोवर माझ्याकडे इथे कायमचं राहायचा परवाना होता आणि बायकोची नोकरी होती. नवीन आलेल्या दोन पोरांचा मात्र प्रोबेशन पिरियड चालू होता. सहा महिन्यांच्या त्या काळात दोन आठवड्यांची नोटीस पुरते. बेकारी भत्त्याला गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेली लागते, तीही त्यांची नव्हती. एक परत गेला, एकाला ब्राउनश्वाइगला काम मिळालं. त्यानंतर मी वाहनउद्योग सोडला आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीत शिरलो. पगार थोडा कमी झाला, झोप वाढली.

म्हणून स्टुटगार्ट चांगलं की वाईट हा प्रश्नच सोडा. तुमचं काम गाडीच्या कोणत्या भागाला टांगलेलं आहे, हे आधी बघा. प्रवासी कारच्या डिझेल इंजेक्टरसाठी बोलावत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: या ऑफरवर येऊ नका. ट्रकसाठी असेल तर विचार करा. डाइमलर ट्रक २०२१ च्या शेवटी मर्सिडीजपासून वेगळी झाली, मुख्यालय विमानतळाजवळ लाइनफेल्डेनला आहे, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकमधलं डिझेल एवढ्यात जात नाही. आणखी एक, तुम्ही स्वतःला ‘डिझेलवाली’ समजू नका. हाय प्रेशर, टेस्ट बेंच, मायक्रॉनमधलं मोजमाप हे तुमचं खरं भांडवल. वायब्लिंगेनची श्टील, विनेनडेनची केर्शर, पेंट शॉप उभारणारी ड्युर, ट्रुम्फ, या सगळ्यांना असली माणसं लागतात. चिप बनवायची मशीन पुरवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीच्या अत्याधुनिक मशीनमधला लेसर ट्रुम्फचा असतो, हे इथल्याही बऱ्याच लोकांना माहीत नाही. तिकडे थेट अर्ज करा, उत्तर यायला तीन महिने लागले तरी.

मिस्टरांचं जरा कठीण आहे. ब्लू कार्डवाल्याच्या (युरोपबाहेरच्या उच्चशिक्षितांचा राहण्या-कामाचा परवाना) जोडीदाराला काम करायची पूर्ण मोकळीक असते, आणि इथे एलबीबीडब्ल्यू ही मोठी बँक आहे, आलियान्झचा आयुर्विमा आहे, शेअर बाजारही आहे. पण पैशाचे व्यवहार हे लोक जर्मनमध्येच करतात. जर्मनची बी-टू ही वरची पायरी झाल्याशिवाय बँकेत दार उघडत नाही, आणि इथली श्वेबिश बोली म्हणजे क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनला आपली अहिराणीच. ‘आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही’ अशी या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने स्वतःची जाहिरातच केली होती.

एकट्याच्या पगारात ५२,००० चे तुमच्या टॅक्स क्लासमध्ये हातात महिना तीन हजारांच्या आसपास येतील. त्यातले निम्मे घरभाड्याला, कारण तीन खोल्यांचं घर हीटिंग धरून चौदाशे-पंधराशेच्या खाली मिळणं मुश्कील. बालवाडीला इथे फी आहे, आणि जागा मिळायला थांबावं लागतं, नाव आधीच नोंदवा. जिना झाडायची पाळी आली की दारावर ‘केरवोखं’ची पाटी लटकते. पुण्यात दिवस काढलेल्याला त्या पाटीचा सूर ओळखीचा वाटतो. आणि डोंगरउतारावर थेट शहरात द्राक्षबागा आहेत, तेवढं एक नाशिककराला बरं वाटतं.

आता एक करा. कंपनीला मेल करून तीन गोष्टी लेखी मागा: करार बेमुदत आहे का, पहिला प्रोजेक्ट कोणत्या उत्पादनाचा आणि किती महिन्यांचा, आणि आय. जी. मेटाल युनियनचा वेतनकरार लागू आहे का. तो असेल तर आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ३० दिवस रजा मिळते, नसेल तर ४० तास धरून चाला. उत्तर आलं की नाव-गाव झाकून इथे टाका, जर्मनमध्ये असलं तरी चालेल, मी वाचून सांगतो. तोवर दोघांच्याही राजीनाम्यांची घाई नको, आणि मिस्टरांना जर्मनच्या ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या क्लासला मात्र या सोमवारपासून बसवा.