वजन उतरलं, तरी ऑपरेशन पुढे का ढकललं?

“गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही, चालत नाही म्हणून वजन उतरत नाही, आणि वजन उतरल्याशिवाय डॉक्टर वाट्या बदलत नाहीत. सांग, मी करू काय?” सांधेरोपणाआधी समुपदेशनाला येणाऱ्या जवळपास प्रत्येक वजनदार रुग्णाची हीच तक्रार असते. या काकूंची गोष्ट त्याच्याही पुढची आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 66, उंची 152 सेंटिमीटर, वजन 94 किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 40च्या थोडा वर. बरेच शल्यविशारद या 40च्या रेषेपाशी थांबतात. गुडघ्यासमोर चरबीचा थर जाड असला की शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो. चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम उशिरा भरते. जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोचले तर कधी कधी तो सांधाच काढावा लागतो. भीती खोटी नाही.

काकूंनी ते मनावर घेतलं. दोन महिने सकाळी चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री वाटीभर वरणाचं पाणी. मधे सोमवार, गुरुवार, चतुर्थी. वजन 85वर आलं. परीक्षा पास झाल्याच्या थाटात त्या आल्या आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी: 3.1. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) जास्त: 8.6.

“म्हणजे मी उपाशी राहिले ते फुकटच?” काकू माझ्यावरच उखडल्या. काका शेजारी गप्प.

मी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. जमलं नाही. दोन महिन्यांपूर्वी जमत होतं, हे काकांनी तेव्हा सांगितलं. गुडघे दुखत होतेच, पण या वेळी मांड्यांत जोरच उरला नव्हता. उपासमारीत शरीर नुसती चरबी जाळत नाही, स्नायूही खातं. काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ऑपरेशननंतर लवकर वॉकर धरून उभं राहायला लागतात ते स्नायू. अंथरुणात पडून राहिलं की पायात गुठळीचा धोका वाढतो आणि घाबरत घाबरत उठताना पडण्याचाही. अल्ब्युमिन यकृत-मूत्रपिंडाच्या आजारात किंवा अंगात सूज असतानाही उतरतं, म्हणून डॉक्टरांनी ते आधी तपासून घेतलं. काकूंच्या बाबतीत कारण ताटातच होतं.

“आणि ती माझी जाऊ? 55 किलोची, तिला कुणी अडवणार नाही!” हा प्रश्न मला आवडला. 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला बारीक, आत चरबी जास्त, स्नायू कमी, ही आपली भारतीय ठेवण. त्यामुळे बारीक जाऊबाईंचीही साखर, प्रथिनं आणि हातापायांतला जोर पाहावा लागेल. (त्या आल्या की बघू. अजून आलेल्या नाहीत.)

माझं मत सांगते: नुसता किलोचा आकडा देऊन रुग्णाला घरी पाठवणं अर्धवट काम आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण शल्यविशारदांच्या संघटनांनी 2023मध्ये असंच सुचवलं की ठरावीक बीएमआय गाठेपर्यंत शस्त्रक्रिया अडवून ठेवू नये. साखर हाताबाहेर असेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल, तर मात्र थांबावं. काकांची मशेरी काकूही लावतात, हे त्यावरून विचारलं तेव्हा कळलं! ती बंद करायला सगळ्यात जास्त भांडणं झाली.

बाकीचं तसं साधं होतं. मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून आहारतज्ज्ञांनी दिवसाला 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. काकू अंडं खात नाहीत. मग सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी घट्ट वरण आणि मटकीची उसळ, संध्याकाळी पनीर किंवा सोयाबीन. भात कमी, साबुदाणा बंद. उपास सोडायला त्या तयार नव्हत्या. चतुर्थी ठेवली, पण दूध, ताक आणि दाण्यांवर. फिजिओने खुर्चीत बसून पाय सरळ करायचे व्यायाम दिले, मग उशीवर उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून उठणं, मग एकेक उशी कमी. औषधं बदलून साखर आटोक्यात आणली ती डॉक्टरांनी.

चार महिन्यांनी वजन होतं 84. फक्त एक किलो कमी, म्हणून काकू खट्टू. पण अल्ब्युमिन 3.8, साखर 7.2, आणि हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठल्या. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तारीख दिली.

उजवा गुडघा झाला, टाके वेळेवर सुकले. डाव्याची तारीख काकूंना गणपती झाल्यावरच हवी आहे, गौरीजेवण त्यांच्याकडे असतं. तोवर धिरडी चालू ठेवा, एवढंच मी सांगितलंय.