लेकीला शेअर नकोत, नियम हवेत

राजापूर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलंय. ते लिहितात: "मुलगी रत्नागिरीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सेबीत जायचंय, बाजाराचे नियम करण्याच्या कामात. १९९६ला मी सागवान लागवडीच्या एका योजनेत पैसे घातले. कंपनी गेली, पैसे गेले. कागद अजून ट्रंकेत आहेत. ज्या बाजाराने मला बुडवलं तिथे मुलीला कसं पाठवू? बँकेच्या परीक्षा दे म्हणतो, तर ऐकत नाही."

सप्रेम नमस्कार.

सागवानाचं वाचलं आणि तिथेच थांबलो. माझ्या मामांकडेही असाच कागद होता. वर झाडाचं चित्र, खाली वीस वर्षांनी मिळणारी रक्कम. मामा गेले, तोवर त्यातला रुपयाही हाती आला नव्हता. त्यामुळे तुमची भीती मला कळते. पण तुमच्या लेकीला नेमकं काय करायचंय, हे तुमच्याच कागदावरून सांगता येईल.

सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कायद्याचे अधिकार १९९२च्या अधिनियमाने, म्हणजे संसदेच्या कायद्याने मिळाले. त्या अधिनियमात 'सामूहिक गुंतवणूक योजना' हे शब्द होते, पण अशी योजना म्हणजे काय, याची व्याख्याच नव्हती. त्याच फटीतून झाडांच्या योजना गावोगाव पोचल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये केंद्र सरकारने या योजना सेबीच्या कक्षेत आणायचं ठरवलं, डॉ. एस. ए. दवे यांच्या समितीने नियमांचा आराखडा सुचवला, १९९९मध्ये सेबीचे विनियम, म्हणजे रेग्युलेशन्स, आले आणि अधिनियमातही व्याख्या घातली गेली. तिच्यात चार अटी आहेत. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात. पैसे देणाऱ्याला नफा, उत्पन्न, पीक किंवा मालमत्ता मिळण्याची अपेक्षा असते. ती मालमत्ता त्याच्या वतीने दुसराच कोणी सांभाळतो. आणि रोजच्या कारभारावर पैसे देणाऱ्याचा ताबा नसतो.

आता तुमची बाग घ्या. हंगामापुरती कलमं एखाद्या व्यापाऱ्याला कराराने दिलीत, तर त्यात चार अनोळखी माणसांचे पैसे एकत्र होत नाहीत. झाडं तुमच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे सेबीचा त्याच्याशी संबंध नाही. तीच बाग हजार माणसांना कागदावर तुकडे करून विकली आणि "राखण आम्ही करू, तुम्ही फक्त फळाचे पैसे घ्या" असं सांगितलं, की चारही अटी लागू होतात. सहकारी संस्था आणि चिट फंड या व्याख्येतून वगळलेत, कारण त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. पुढे ही व्याख्याही अपुरी पडली. म्हणून २०१४मध्ये भर घातली गेली: नोंदणी नसलेल्या योजनेत शंभर कोटी किंवा जास्त रक्कम गोळा झाली, तर तीही सामूहिक गुंतवणूक योजनाच मानायची.

तुमच्या मुलीला हे काम करायचंय. एकेक शब्द तोलायचा, तो कुठून फुटेल ते आधी ओळखायचं. यात शेअर घेणं-विकणं नाही. उलट सेबीच्या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या गुंतवणुकीवर बंधनं असतात.

तिला आधी एक उतरंड पक्की करायला सांगा. अधिनियम संसद करते, नियम केंद्र सरकार करतं, विनियम सेबी करते आणि त्याखाली परिपत्रकं येतात. विनियम राजपत्रात छापले जातात आणि संसदेसमोर ठेवले जातात. त्याआधी सेबी सल्लामसलतीचा मसुदा काढते. २०२५पासून विनियम करण्याच्या पद्धतीचेच विनियम झालेत आणि त्यानुसार लोकांना मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. मत कोणीही देऊ शकतं, राजापुरातली बी.कॉम.ची मुलगीसुद्धा. म्युच्युअल फंडांवरचा एखादा मसुदा तिने घ्यावा, स्वतःचं मत लिहावं आणि अंतिम विनियम आल्यावर कुठला शब्द का बदलला ते ताडून बघावं. कुठल्याही क्लासपेक्षा यातून ती जास्त शिकेल.

वाट म्हणाल तर माझा कौल कायद्याला. राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करावं, त्यासाठी रत्नागिरीतही विधी महाविद्यालय आहे. ती पदवी हातात आली की सेबीच्या ग्रेड ए अधिकारी परीक्षेला विधी शाखेतूनही बसता येतं आणि सामान्य शाखेतूनही. वयाची अट तीस वर्षांची आहे, म्हणजे तिला प्रयत्नांना वेळ मिळेल. दर वेळची जाहिरात मात्र नीट वाचा.

जागा थोड्या असतात. अलीकडच्या भरतीत शंभराच्या आसपास होत्या, तेही सगळ्या शाखा आणि सगळा देश मिळून. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीत निबंध आणि सारांश लिहावा लागतो, आपल्याकडची हुशार मुलं तिथेच अडतात. आजपासून रोज एक पान इंग्रजीत लिहिणं तिला टाळता येणार नाही. जोडीला कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करावा. त्यात भांडवली बाजाराच्या कायद्यांचा स्वतंत्र पेपर असतो आणि सेबी नाही जमली तर फंड कंपन्या, शेअर बाजार, डिपॉझिटरी (लोकांचे शेअर डिजिटल रूपात सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या नियमपालन विभागात काम मिळू शकतं. बँकेच्या परीक्षा द्यायला माझी हरकत नाही, फक्त त्यापायी हा अभ्यास सुटू नये.

मुंबईला रेल्वेने जाताना आपटा सोडलं की रसायनी लागतं. तिथून जवळच पाताळगंगेला सेबीने उभारलेल्या एनआयएसएमचा, म्हणजे रोखे बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा, परिसर आहे, रायगड जिल्ह्यातच. पुढच्या खेपेला तिला तिथे घेऊन जा. संस्थेच्या बऱ्याच परीक्षा आहेत आणि तिथे कोणीतरी म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा सुचवेल. ती फंड विकणाऱ्यांसाठी असते. नियमपालनाच्या परीक्षा वेगळ्या आहेत, त्यांची चौकशी करा.

त्याआधी ट्रंक उघडा. सागवानाचे कागद मुलीच्या हातात द्या आणि वर सांगितलेल्या चार अटी त्यांना लावून बघायला सांगा. ती काय लिहिते ते मला पाठवा.