मोझॅक, कुट्टिम आणि कोबा

प्रश्न असा आहे: पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरावरच्या एका मराठी लेखात ‘रोमन घरांतल्या सुंदर मोझॅक टाइल्स’ असं वाचलं, ते बरोबर आहे का? मोझॅकला मराठी शब्द कोणता? आणि लिहायचं कसं, मोझॅक, मोझेइक की मोझाइक?

लेखनाचं आधी उरकतो. मोझॅक लिहा. गवंड्यापासून आर्किटेक्टपर्यंत सगळे तसंच म्हणतात, मग बाकीचे उच्चार आणायचे कशाला?

‘टाइल्स’ मात्र साफ चूक आहे, आणि ती इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की आता राहवत नाही. जुन्या सोसायट्यांमध्ये जी ठिपक्याठिपक्यांची लादी दिसते तिला आपण मोझॅक टाइल म्हणतो. ती खरं तर टेराझो. संगमरवराची खडी सिमेंटमध्ये कालवायची, साच्यात दाबायची, वाळली की घासून गुळगुळीत करायची. कुठली खडी कुठे पडेल ते कोणी ठरवत नाही. मोझॅक म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या बारीक तुकड्यांनी जडवलेलं चित्र. त्यात एकूणएक तुकडा हाताने, ठरलेल्या जागी बसतो. पॉम्पेईतल्या ‘फॉनच्या घरा’त १८३१ साली अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं मोझॅक सापडलं. त्यात अंदाजे १५ लाख तुकडे आहेत. त्याला टाइल म्हणणं हा ते बसवणाऱ्या कारागिरांवर अन्याय आहे. हेच मोझॅक पुढे नेपल्सच्या संग्रहालयात भिंतीवर उभं लावलं गेलं, म्हणून आपले प्रवासवर्णनकार त्याला बिनदिक्कत ‘भित्तिचित्र’ म्हणतात. ते जमिनीवरचं चित्र आहे हो! मूळ घरात ते फरशीत होतं.

या तुकड्यांना लॅटिनमध्ये ‘टेसेरा’ म्हणत. मूळ ग्रीक ‘टेसारेस’, म्हणजे चार. चार कोपऱ्यांचा तो टेसेरा. जुगाराचा फासाही टेसेराच. त्याला सहा बाजू असल्या तरी प्रत्येक बाजू चौकोनीच असते. धान्यवाटपाचा बिल्ला टेसेरा, छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द ज्या पाटीवर लिहून फिरवत तीही टेसेरा. इटलीत आजही सभासदत्वाच्या कार्डाला टेसेराच म्हणतात. हे कुठल्याही बऱ्या कोशात मिळेल, त्यामुळे इथे थांबत नाही.

मला सांगायचंय ते वेगळं. रोमन माणूस अशा जमिनीला ‘पाविमेंटुम’ म्हणे, आणि ‘पावीरे’ या क्रियापदाचा अर्थ आहे कुटणे, धुमसणे. इंग्रजीतलं पेव्हमेंट यातूनच आलं, आणि आपल्या गल्लोगल्ली बसणारे पेव्हर ब्लॉकही. म्हणजे ज्या जमिनीच्या नक्षीकडे आपण बघत बसतो, तिला रोमनांनी नाव दिलं ते नक्षीखालच्या कुटण्यावरून. आता संस्कृतात या. बांधीव जमिनीला शब्द आहे कुट्टिम. अमरकोशात ‘कुट्टिमोऽस्त्री निबद्धा भूः’ असं दिलं आहे. धातू कुट्ट्, म्हणजे कुटणे. कन्नडातही कुटण्याला ‘कुट्टु’च म्हणतात, तेव्हा संस्कृताने हा धातू दक्षिणेकडून घेतला असं मानणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. आणि आता आपल्या घरात या: कोबा! चुना आणि विटांचे तुकडे घालून चोपलेली जमीन. फारसीत ‘कोबीदन’ म्हणजे कुटणे, आणि कुटायच्या मोगरीलाही ‘कोबा’ म्हणतात. इराणी हॉटेलांतला ‘कूबीदे’ कबाब त्याच क्रियापदाचा, कारण त्याचं मांस कुटलेलं असतं. आपला कोबा याच घरचा आहे असं माझं ठाम मत आहे. मराठीतली व्युत्पत्ती सांगताना उठसूट संस्कृत धातू चिकटवणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. पावीरे, कुट्ट्, कोबीदन. तीन भाषा, एकमेकींना न विचारता, जमिनीला एकच नाव देतात. गवंड्याच्या हातांनी घडवलेले शब्द आहेत हे.

हे नुसतं शब्दांपुरतं नाही. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथाच्या सातव्या भागात रोमन जमिनीची कृती दिली आहे. तळाला मूठभर आकाराचे दगड. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना यांचा थर. तो माणसांच्या टोळ्या लावून लाकडी दांड्यांनी इतका धुमसायचा, की कुटून झाल्यावरही पाऊण रोमन फुटापेक्षा कमी भरता कामा नये. त्यावर फुटक्या खापरांचा चुरा आणि चुना, पुन्हा तीनास एक, सहा बोटं जाड. मग सगळ्यात वर टेसेरा. खापरांचा चुरा आणि चुना म्हणजे आपली सुरखीच की! नक्षी न करता हाच थर उघडा ठेवला, की त्याला आजचे पुरातत्त्वज्ञ ‘ओपुस सिग्निनुम’ म्हणतात. मराठी लेखांत त्याचं ‘सिग्निनम काँक्रीट’ झालेलं दिसतं. कोबा म्हणा ना सरळ!

आणि आता कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवर चढा. विटांच्या तुकड्यांचा उतार दिलेला थर असतो, त्याला भारतभरचे इंजिनिअर ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणतात. त्यावर फुटक्या चकचकीत टाइलचे तुकडे हाताने बसवलेले, ते ‘चायना मोझॅक’. खाली तुकड्यांचा थर, वर हाताने मांडलेले टेसेरा. घरातल्या ज्या लादीला आपण मोझॅक म्हणतो ती मोझॅक नाही. खरं मोझॅक गच्चीवर ऊन खात पडलेलं आहे.

‘मोझॅक’ शब्दाबद्दल एवढंच की त्याचा बायबलमधल्या मोझेसशी काडीचा संबंध नाही. इंग्रजीत ‘मोझेसचा’ या अर्थाचा शब्द आणि हा, या दोन्हींचं स्पेलिंग एक झालं, त्यावरून हा घोळ पसरला. मूळ ग्रीक म्यूझ, कलांच्या देवता. म्युझियम आणि म्युझिक ही त्यांचीच लेकरं. पण कलादेवतांवरून आलं म्हणून ‘कलात्मक काम’ असा गुळमुळीत अर्थ जे लावतात, ते मला पटत नाहीत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की कृत्रिम गुहेचा देखावा उभा करायला झिजलेले, सच्छिद्र दगड टांगत, आणि अशा वास्तूंना ‘मुसेआ’ म्हणत. कारंज्यांच्या अशाच कोनाड्यांत भिंतीवर शिंपले, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि काचेचे तुकडे जडवायची पद्धत होती. पॉम्पेईजवळच्या हर्क्युलेनियम शहरातलं नेपच्यून आणि अँफिट्राइटीचं घर आठवा. तिथल्या काचेच्या तुकड्यांच्या भिंतींना शिंपल्यांची किनार आहे. शब्द आला तो या गुहांमधून, आणि मुळात तो भिंतीचा आणि घुमटाचा आहे, जमिनीचा नाही.

म्हणूनच मोझॅकसाठी मराठी विश्वकोशातला ‘कुट्टिमचित्रण’ हा शब्द मला निम्माच मान्य आहे. जमिनीसाठी त्याहून चांगला शब्द मिळणार नाही. पण इटलीतल्या राव्हेनात रोमन राजघराण्यातल्या गाला प्लासिडियाच्या समाधीच्या छतावर निळ्या काचेचं तारांगण आहे, त्याला कुट्टिम कसं म्हणणार? डोक्यावर कोणी जमीन कुटत नाही. रोमनांनी स्वतः हा फरक पाळला होता. इसवी सन ३०१ च्या, सम्राट डायोक्लिशियनच्या दरपत्रकात दोन वेगळे कारागीर आहेत: ‘टेसेलारियुस’ची रोजची मजुरी ५० दिनार, ‘मुसेआरियुस’ची ६०. पहिला जमिनीचा, दुसरा भिंती-घुमटांचा, असाच त्याचा अर्थ मी लावतो. मोझॅकला ‘पच्चीकारी’ हा शब्द सुचवणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. दगडाच्या कापलेल्या पातळ आकारांची जोडणी ती पच्चीकारी, म्हणजे रोमनांचं ‘ओपुस सेक्टिले’. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की सीझर मोहिमांवर टेसेरांच्या आणि कापीव दगडांच्या जमिनी बरोबर वागवत असे. त्या एका वाक्यातही हे दोन प्रकार वेगळे मोजले आहेत.

तेव्हा त्या लेखात ‘मोझॅक टाइल्स’ खोडा आणि ‘कुट्टिमचित्रं’ लिहा. भिंत किंवा घुमट असेल तर नुसतं ‘मोझॅक’. आणि जिथे चित्र नसून लाल चुन्याची साधी जमीन असेल, तिथे कोबा.