सोलापुरात गच्चीवर सफरचंदाचं कलम बांधता येतं का? बोरीवर किंवा डाळिंबावर चालेल का, आणि खर्च किती?

येतं. मी बांधलंय. आणि माझी गाठ सैल नव्हती.

शेवटचं वाक्य तुमच्यासाठी नाही, त्याचा खुलासा पुढे येईलच. आधी बोरीचं मिटवू. बोरीवर सफरचंद लागत नाही. डाळिंबावर नाही, पेरूवर नाही. सफरचंद गुलाबाच्या कुळातलं, बोर वेगळ्या कुळातली, डाळिंब तिसऱ्याच. मोबाईलवर बोरीला लालभडक सफरचंदं लगडलेली दाखवतात ती एक तर दोऱ्यानं टांगलेली असतात, नाहीतर ते ॲपल बोर असतं, म्हणजे बोरच, नुसतं अंगानं सुटलेलं. सफरचंदाला सफरचंदाचाच खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, लागतो. मी एमएम १११ नावाचा खुंट आणला, कारण तो पाण्याची ओढ त्यातल्या त्यात सोसतो आणि त्याच्या मुळांना लोकरी मावा ही कीड सहसा लागत नाही. खाल्लेल्या फळाची बी पेरून झाड करायचं मनात असेल तर विसरा. झाड येईल, पण फळ आईवर जाणार नाही.

आता गाठ. माझे वडील यंत्रमागावर होते. शाळा सुटली की मी कारखान्यात डबा घेऊन जायचो आणि तुटलेले धागे सांधायचो. माग चालू असताना दोन बोटांत धागा धरून गाठ मारायची आणि ती कापडात दिसता कामा नये, हे मी दहाव्या वर्षी शिकलोय. थोरले काका गावी राहिले, सांगोला तालुक्यात. त्यांची डाळिंबाची बाग आणि छोटी रोपवाटिका. गुट्या बांधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, हे मी आजही मान्य करतो. पण डाळिंबाची गुटी वेगळी आणि सफरचंदाचं पाचर कलम वेगळं. गुटीत फांदी झाडावरच असते, तिथंच मुळं धरते, आई पाजतच असते. पाचर कलमात काडी तोडून आणलेली, उपाशी. तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, जेवढा जीव शिल्लक आहे तेवढ्यावर तिनं तग धरायचा.

पहिल्या वर्षी हिमाचलच्या एका बागायतदाराकडून डिसेंबरअखेर दहा कलमकाड्या कुरिअरनं आल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, ओल्या कागदात गुंडाळून वर प्लास्टिक. खुंट पिशव्यांत तयार होते, पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून काड्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. काड्या झोपलेल्या असल्या तर महिनाभर काही होत नाही. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठली, आईची पट्टी निघाली, आणि एका रविवारी मी दहाही कलमं बांधली. काका त्या दिवशी घरी होते. खुर्चीत बसून बघत होते.

एकही फुटलं नाही. तीन आठवड्यांनी डोळे काळे पडले, नखानं खरवडलं तर आत तपकिरी. काका फोनवर म्हणाले, "गाठ सैल मारलीस. मी तेव्हाच बघितलं होतं, म्हटलं बोलावं कशाला." हेच त्यांनी मग चुलतभावाच्या लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं. मागावर वाढलेल्या माणसाला गाठ मारता येत नाही म्हणून पंगतीत हशा पिकवला.

पुढं वाचता वाचता कळलं की पिकणाऱ्या फळांतून एथिलीन नावाचा वायू निघतो आणि बंद जागेत तो झोपलेले डोळे मारतो. फळं पिकवणाऱ्यांना हा वायू चांगला माहीत असतो. काड्यांशेजारी फळं ठेवू नयेत, त्यातही सफरचंद तर मुळीच नको. मी आईला विचारलं, त्या महिन्यात फ्रिजमध्ये सफरचंदं होती का? आई म्हणाली, "होती की. भाऊजींनीच आणली होती मला बघायला आले तेव्हा. दोन किलो. जाऊबाईंनी त्या तुझ्या काड्यांवरच ठेवली, म्हटलं गारव्यात राहतील."

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "सफरचंदानं सफरचंद मरतंय होय रे? काय पण सांगतोस!"

म्हणून दुसऱ्या वर्षी मी परीक्षाच घेतली. खुंट जिवंत होते. कलम मेलं म्हणून खुंट मरत नाही, खाली कापून परत बांधता येतं. पुन्हा दहा काड्या मागवल्या. पाच एका डब्यात, सोबत एक पिकलेलं सफरचंद. पाच दुसऱ्या फ्रिजमध्ये, शेजाऱ्यांच्या, जिथं मी वहिनींना हात जोडून सांगितलं होतं की तीन आठवडे यात फळ नको. दोन्हीकडच्या काड्या मीच बांधल्या, एकाच दिवशी, एकाच पट्टीनं. सफरचंदाच्या डब्यातल्या पाचही गेल्या. दुसऱ्या पाचांपैकी चार लागल्या. पाचवी फुटली, दोन पानं आली, मी आनंदानं फोटो काढला, आणि वीस दिवसांनी मान टाकली. ही फसवी फूट. काडी स्वतःच्या शिदोरीवर पानं काढते, खालून सांधा जुळलेलाच नसतो. त्यामुळे पहिली पानं दिसली की पेढे वाटू नका. त्या पाचवीची गाठ सैल होती का? असेल. पण दहांतली एक.

बांधायचं कसं ते थोडक्यात, कारण ते वाचून येत नाही, बोरीच्या फालतू फांद्यांवर पन्नासदा कापून येतं. धारदार चाकू. काडीवर दोन-तीन डोळे, खाली दोन्ही बाजूंनी तिरके, तीनेक सेंटीमीटरचे काप, एका झटक्यात. घासून घासून नाही. खुंट आडवा कापून मधे चीर, त्यात पाचर. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवा. सालीच्या लगेच आतला हिरवा थर हिरव्या थराला भिडला पाहिजे, सगळा खेळ तेवढाच. वरून प्लास्टिकची पट्टी ताणून, टोकाला मेण. दोन-तीन महिन्यांनी पट्टी सोडा, नाहीतर तीच गळफास होते. खुंटावरची फूट दिसेल तेव्हा खुडा. आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला हे उरका. मार्चमध्ये आपल्या गच्चीवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण कलम लागणं ही अवघड गोष्ट नाहीच. अवघड आहे ती झोप. काश्मिरी-हिमाचली नेहमीच्या जातींना थंडीत सात अंशांखालचे हजारेक तास लागतात, तेव्हा त्यांचे डोळे नीट जागे होतात. आपण गड्ड्यात स्वेटर घालून फिरतो तेव्हा पारा बारा-पंधरावर असतो. म्हणून कमी थंडीच्या जाती: इस्रायलची ॲना, बहामा बेटांवरची डॉरसेट गोल्डन, किंवा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या, २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेल्या हरिमन शर्मांची एचआरएमएन ९९. तरीही सोलापूरची थंडी या जातींनाही अपुरीच. माझी झाडं दोन वर्षं नुसती पानं घेऊन उभी होती.

इंडोनेशियात जावा बेटावर मलंग-बाटू भागात सफरचंदाच्या बागा आहेत. तिथं विषुववृत्त जवळ, हिवाळा म्हणावा असा नाहीच. तोडणी झाली की ते हातानं पानं ओरबाडतात आणि झाड नव्यानं फुटून मोहरतं. हे वाचलं आणि मला हसूच आलं. अहो, हा तर बहार धरणं झाला! पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटायचं, मग पाणी. डाळिंबवाला आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असाच धरतो. इथं सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि मी जावात शोधत बसलो होतो.

मग काकांकडे जावं लागलं. ते आले, ड्रममधली माती चिमटीत घेतली, पानं दुमडून बघितली आणि म्हणाले, "पाणी तोड." किती दिवस? "ते झाड सांगतंय. कुंडी आहे, बागेसारखे चाळीस दिवस धरशील तर लाकूड होईल." पानांची चकाकी गेली त्या दिवशी, बाराव्या दिवशी, डिसेंबरात आम्ही दोघांनी पानं हातानं काढली. इथरेल, म्हणजे पानगळीचं औषध, मी मारू दिलं नाही. फेब्रुवारीत फुलं आली. जूनमध्ये सात फळं. थोराड लिंबाएवढी, गालावर जराशी लाली, कारण रंग चढायला गार रात्री लागतात. गोड होती, थोडी पिठूळ. काकांनी एक खाल्लं आणि म्हणाले, "बहार चांगला धरला मी." कलमाबद्दल चकार शब्द नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि तीच महत्त्वाची: सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागानं नीट फळ धरत नाही. दुसरी जात जवळ हवी. गच्चीवर जागा नसते, म्हणून एकाच खुंटाच्या दोन फांद्यांवर ॲना आणि डॉरसेट गोल्डन बांधा. दोन्ही जवळपास एकाच वेळी फुलतात. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून घ्या, तळाला भोकं. नुसती काळी माती भरू नका, पाणी साचून मुळं सडतात. एप्रिल-मेमध्ये ड्रमला जुनी सोलापुरी चादर गुंडाळून ओली ठेवा, नाहीतर मुळं शिजतात. चादर आमच्याकडे फुकट होती.

खर्चाचं विचारलंत. सात फळांवर भागाकार केलात तर छंद सोडून द्याल, म्हणून मी हिशेब ठेवला नाही. खायला फळ हवं असेल तर पेरू लावा.

आणि कलमकाड्या यायच्या आधी भाजीचा कप्पा रिकामा करा. त्या महिन्यात घरात कुणी आजारी पडलं, तर भेटायला येणाऱ्यांना सफरचंद आणू नका म्हणून आधीच सांगा. केळीही नकोत. मोसंबी चालेल.