बोट मुंबईतनं धरायची की विमानाने जाऊन?

प्रश्न : नमस्कार. मी पावसचा, यंदा बँकेतनं रिटायर झालो. मी, बायको आणि ७८ वर्षांची आई असे तिघं क्रूझला जायचं म्हणतोय. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो मुंबई-गोवा बोटीत काय बघणार, आपलाच समुद्र आणि आपलाच किनारा, त्यापेक्षा विमानाने सिंगापूरला जा आणि तिथनं मोठं जहाज धरा, पैसे जवळपास तेवढेच लागतात. मला मुंबई सोयीची वाटते, पण एकदाच जायचं तर मोठं जहाज का नको असंही मनात येतं. आईचे गुडघे दुखतात, पण काठी घेऊन घरात हिंडते-फिरते. काय करू?
– एक वाचक, पावस

उत्तर : काका, तुमच्या मुलाने हिशोब बंदरापासनं बंदरापर्यंतचा केलाय, तुम्ही तो पावसच्या घराच्या पायरीपासनं करा, म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

मुंबई घ्या. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास रत्नागिरीला कोकणकन्या धरायची, आईंना खालचा बर्थ, पहाटे सहाच्या आत सीएसएमटी. तिथनं बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, टॅक्सीने दहा मिनिटांवर. आता सिंगापूर घ्या. हाच रात्रीचा प्रवास आधी करायचाच आहे, कारण विमान मुंबईतनंच धरणार ना, मग एअरपोर्टवर तीन तास आधी, मग साडेपाच तासांचं उड्डाण, मग तिथे एक रात्र हॉटेल (ती का ते खालच्या उत्तरात सांगतो), मग टर्मिनल, आणि येताना हे सगळं उलटं. मुलाने जो आकडा काढलाय त्यात जहाज आणि विमानाचं तिकीट धरलं असणार, पण हॉटेल, व्हिसा, इन्शुरन्स, टॅक्स्या, पॅकेज घेतलं तर त्यावर कापला जाणारा टीसीएस नावाचा कर (तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज तर खिशातनं जातोच) आणि जहाजावरचा डॉलरमधला वरखर्च, हे बहुतेक धरलेलं नसतं. शिवाय ७८ वर्षांच्या माणसाचा परदेशाचा इन्शुरन्स महाग पडतो आणि आधीपासनं असलेली दुखणी त्यात बऱ्याचदा धरतच नाहीत. आईंचा पासपोर्ट आहे की नाही तेही तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तो काढण्यापासनं सुरुवात, असेल तर प्रवासाच्या तारखेपासनं पुढे सहा महिने चालतोय ना ते बघा. मुंबई-गोव्याला आधार कार्डावर काम होतं.

मोठ्या जहाजाचं म्हणाल तर मुलगा खोटं बोलत नाहीये. मुंबईतनं सप्टेंबर २०२१ पासनं कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस चालते, ते जहाज १९९० सालचं, साधारण ४८ हजार टनांचं. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ सालचं आणि दीड लाख टनांचं, म्हणजे तिप्पट. घसरगुंड्या, थिएटर, दहा-पंधरा खाण्याच्या जागा, सगळंच मोठं. जहाज मोठं तसं ते हलतंही कमी. पण काका, तिप्पट जहाज म्हणजे चालणंही बरंच वाढतं हो. लिफ्ट असतातच, पण केबिनपासनं लिफ्टपर्यंतचा बोळ एवढा लांब असतो की आपल्या एसटी स्टँडला दोन फेऱ्या होतील, आणि हे नाश्त्याला, जेवणाला, संध्याकाळच्या कार्यक्रमाला, दिवसातनं चार-पाच वेळा. आईंना पहिल्याच दिवशी गुडघा धरला तर बाकीचे दिवस त्या केबिनमध्ये बसणार आणि तुमच्यातला एकजण त्यांच्याजवळ. व्हीलचेअर मिळते, पण ती बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवायची, ऐनवेळी नाही.

गुडघ्यांवरनं आणखी एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार, हे कुठल्याही बुकिंगच्या आधी विचारा. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरनं कोकणबोटीने विजयदुर्गाला यायची. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरनं पडाव यायचे, बोटीच्या दारातनं पडावात उतरायचं, आणि पडाव लाटेबरोबर एकदा हात दीड हात वर येणार, एकदा खाली जाणार. खलाशी दोन्ही दंडांना धरून उभे असायचे आणि पडाव वर आला की “हां, सोड पाय” म्हणायचे, त्या क्षणी पाय टाकला तर टाकला. आजीला ते शेवटपर्यंत जमायचं. पण आज क्रूझवरही तेच आहे, पडावाच्या जागी टेंडर बोट आली एवढाच फरक. लक्षद्वीपला जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात, समुद्र जरा तापलेला असला तर उतरणंच रद्द. सिंगापूरहून फुकेतला जाणारी जहाजंही बऱ्याचदा तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतात. याउलट मुंबई आणि गोवा दोन्हीकडे जहाज धक्क्याला लागतं, गोव्यात मुरगाव बंदरात, शिडीवरनं चालत उतरायचं.

म्हणून तुम्हा तिघांसाठी मी सरळ सांगतो, मुंबई-गोवा-मुंबई, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आणि लक्षद्वीपवाली फेरी आई बरोबर असताना नको. ‘आपलाच समुद्र’ हे मला तरी उणं वाटत नाही. मी गेलो तेव्हा रात्री जेवण झाल्यावर पूर्वेच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो, मोबाइलची रेंज गेलेली, सगळीकडे काळोख आणि लांबवर एकच दिवा फिरत होता, थोडा वेळ दिसायचा, मग नाही, मग परत. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते हळूच म्हणाले, “आमच्या भगवतीच्या किल्ल्याचा असणार तो.” रत्नागिरीचेच निघाले. तो दिवा त्यांनी उभ्या आयुष्यात जमिनीवरनं बघितलेला, समुद्रातनं पहिल्यांदा बघत होते, मग कितीतरी वेळ तिथनं हललेच नाहीत. आईंना रात्री वर घेऊन जा, शाल मात्र घ्या, वारा फार असतो.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो, परतीची. जहाज सकाळी लागतं, पण सामान आणि माणसं बाहेर पडेपर्यंत दहा-अकरा होतात, आणि तोवर वंदे भारत, तेजस, जनशताब्दी, मांडवी सगळ्या पहाटे-सकाळीच निघून गेलेल्या असतात. रात्रीच्या कोकणकन्येपर्यंत मुंबईत ताटकळण्यापेक्षा लोकमान्य टिळक टर्मिनसवरनं दुपारची मत्स्यगंधा बघा, रात्री रत्नागिरीला उतराल.

आणि ही फेरी आवडली तर पुढच्या वर्षी तुम्ही दोघंच सिंगापूरला जा, आईंना मुलाकडे ठेवून. तेव्हा जहाजावर काय लागतं, काय उगाच नेलं, आपल्याला बोट लागते की नाही, हे सगळं माहीत झालेलं असेल.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक, सावंतवाडीला असतो. सुट्टी मिळते ती मे महिन्यात. सगळे म्हणतात पहिली क्रूझ मुंबईतनंच करा, स्वस्त आणि सोपी. पण इथनं मुंबईला जायचं आणि तिथनं बोटीने परत गोव्याला यायचं हे काही पटत नाही. मोपा विमानतळ तर आमच्या दाराशी आहे. आमचं चुकतंय का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, अजिबात चुकत नाहीये. तुमच्यासाठी मुंबई-गोवा म्हणजे खरोखरच द्राविडी प्राणायाम आहे. जहाज जिथनं सुटतं त्या बंदराला होम पोर्ट, होम पोर्ट म्हणतात, पण ते ज्याच्या घराजवळ त्याचं होम. ठाण्याच्या माणसाला बॅलार्ड पिअर जवळ, तुम्हाला मोपा. शिवाय मे महिना उलटत आला की आपल्याकडचा समुद्र अस्वस्थ व्हायला लागतो, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं होतं ते विसरला नसाल. त्या मानाने सिंगापूरजवळची मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली, पाणी बहुतेक शांत असतं आणि सिंगापूरहून जहाजं बारा महिने सुटतात.

पण विमानाने जाऊन जहाज धरायचं तर एक गोष्ट दगडावरची रेघ समजा, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या गावात पोचायचं. त्याच दिवशी नाही. हे मी सोसून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं सिंगापूरला निघालो, मुंबईहून रात्री साडेअकराचं विमान, सकाळी पोचणार, जहाज संध्याकाळी पाचला, मध्ये एवढा वेळ आहे म्हणून हॉटेलचे पैसे वाचवले. विमान उडालं पहाटे साडेसहाला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे उतरलो तेव्हा अडीच वाजलेले, इमिग्रेशनची रांग, बॅगा, टॅक्सी, टर्मिनलला पोचलो तेव्हा चार. जहाज समोर काचेतनं दिसत होतं, वरच्या मजल्यावर माणसं कठड्याला रेलून फोटो काढत होती, आणि आमच्यापुढे काउंटरची मुलगी रांगेचे दोर गुंडाळून ठेवत होती. बोर्डिंग साडेतीनलाच बंद झालेलं. जहाज सुटायच्या तासभर ते दीड तास आधी दार बंद होतं हे मला तेव्हा कळलं. आमच्या दहा वर्षांच्या पुतणीने विचारलं, “ते आपल्याला बघतायत तर थांबत का नाहीत?” मला काही उत्तर देता आलं नाही. पैसे एक रुपया परत मिळाला नाही, आणि पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठावं म्हटलं तर त्या देशाचा व्हिसा वेगळा. त्या दिवसापासनं मी ओळखीच्या प्रत्येकाला ते एका रात्रीचं हॉटेल घ्यायला लावतो.

मोपावरनं मध्ये विमान बदलून जावं लागलं तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं लेट झालं, तर दुसरं चुकण्याला ती कंपनी जबाबदार राहत नाही. औषधं, एक कपड्यांचा जोड आणि सगळे कागद हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग मागे राहिली तर जहाज बॅगेसाठी थांबत नाही. आणि व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना हे कागदावर स्वतः वाचा, एजंट म्हणाला म्हणून सोडू नका. जहाज पेनांगला किंवा फुकेतला जातं तेव्हा तुम्ही सिंगापूर सोडता आणि परत आत येता, म्हणजे तुमच्या दोन एन्ट्र्या झाल्या. वाटेतल्या देशांचे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचे बघा, शेजारणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

पुढेमागे युरोपचं मनात आलं तर मे महिना तिथेही चांगलाच आहे, बार्सिलोना किंवा रोमजवळचं चिवितावेकिया इथनं जहाजं सुटतात, पण शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो तर तेव्हापासनंच मागे लागा, ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि ग्रीसबरोबर तुर्कस्तान असलेली फेरी घेतलीत तर तिथेही हेच एन्ट्रीचं त्रांगडं, तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. आणि एवढं लांब जाऊन चारच रात्रींचं जहाज घेऊ नका, सात रात्री तरी हव्यात, नाहीतर विमानात बसल्याचंच जास्त लक्षात राहील.

प्रश्न : मुंबईची बोट ऑगस्टमध्ये असते का? आणि मला घाटात एसटीसुद्धा लागते, मी क्रूझचा विचार करावा का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : देवगडात राहून ऑगस्टच्या समुद्राचं मी तुम्हाला काय सांगू! नारळी पौर्णिमेला नारळ सोडला तरी तेव्हा समुद्राचा भरवसा नसतो. जुनी कोकणबोटही पावसाळ्यात बंदच असायची. मुंबईचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, मधल्या काळात कॉर्डेलियाने जहाज चेन्नईला नेऊन तिथनं फेऱ्या केल्यात. ऑक्टोबरमध्येही जरा पुढची तारीख घ्या, २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळाने आपल्या किनाऱ्याची काय दशा केली ती तुम्ही पाहिलीच असेल. जानेवारी सगळ्यात बरा.

लागण्याचं म्हणाल तर एसटी लागते म्हणजे बोट लागेलच असं नाही, घाटातली वळणं आणि डिझेलचा वास वेगळा, जहाजाचं डोलणं वेगळं. केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, झोक्याच्या दोरीला वरच्या गाठीजवळ धरलं तर हात फारसा हलत नाही ना, तसंच तिथे कमी हलतं, आणि गंमत म्हणजे त्या केबिन स्वस्तही असतात. अ‍ॅव्होमिन डॉक्टरांना विचारून न्या आणि मळमळायला लागायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. आवळासुपारी, आलेपाक खिशात असू द्या. रिकाम्या पोटी राहू नका. आणि फारच धास्ती वाटत असेल तर आधी भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याच्या रो-रोने एकदा जाऊन-येऊन बघा, एका बाजूला तासाभराचं काम आहे, त्यात काही वाटलं नाही तर दोन रात्रींची गोव्याची फेरी घ्या.

ती ठरली तर गाडीचं रिझर्व्हेशन तेवढं डोक्यात ठेवा. जहाजाचं बुकिंग चार-सहा महिने आधी होतं, रेल्वेचं मात्र आता ६० दिवस आधीच उघडतं, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवार-रविवारची कोकणकन्या पहिल्या काही मिनिटांत भरते. जहाजाची तारीख पक्की झाली की कॅलेंडरवर गाडीच्या तारखेपासनं साठ दिवस मागे मोजून त्या तारखेला गोल करून ठेवा. कणकवलीहून बसणार असाल तर जायच्या आदल्या नाही, दोन दिवस आधीच्या रात्रीची गाडी धरा आणि एक दिवस मुंबईत नातेवाइकांकडे काढा.